धीर धरून चाललेली वाट : आचार्य धर्मानंद कोसंबी यांची समाधिसाधना

आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव महाराष्ट्रात पाली भाषेचे थोर अध्यापक आणि बौद्ध ग्रंथांचे मराठीतील भाष्यकार म्हणून आदराने घेतले जाते. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ बौद्ध कुटुंबांच्या कपाटांत आजही आढळतो. परंतु त्यांच्या विद्वत्तेच्या तेजामुळे त्यांच्या जीवनाची एक बाजू काहीशी झाकली गेली आहे. धर्मानंदांना बुद्धाची ओढ लागली ती पंडित होण्यासाठी नव्हे. मन अशांत होते, निराशेने ग्रासलेले होते. त्याला शांत करण्याचा मार्ग त्यांना हवा होता. तो मार्ग त्यांना सापडला, पण एका दिवसात नव्हे आणि एका गुरूच्या कृपेनेही नव्हे. त्यासाठी त्यांना जवळजवळ अर्धशतक चालावे लागले. शांती ही काही भाग्यवंतांना जन्मतः मिळणारी देणगी नसून ती धीराने, पद्धतशीरपणे आणि पुन्हा पुन्हा अपयश पचवून कमवावी लागते, हे त्यांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रात दिसत असेल. त्याच दृष्टीने हा चरित्रपट येथे मांडला आहे.

सांखवाळचा अस्वस्थ तरुण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची नारळाची बागायत होती. खाऊनपिऊन सुखी, पण सुबत्ता नसलेले सारस्वत कुटुंब. प्रकृती लहानपणापासून नाजूक, त्यामुळे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. मराठी वाचायला लिहायला आले आणि तेवढ्या शिदोरीवर त्यांनी मिळेल ते पुस्तक वाचून काढले. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

बागायतीच्या कामात त्यांचे मन रमेना. शिकण्याची इच्छा तीव्र, मार्ग मात्र सगळीकडून बंद, अशा अवस्थेत त्यांना वारंवार औदासीन्य घेरीत असे. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी ही अवस्था काहीही न लपवता सांगितली आहे. अशा दिवसांत, १८९७ च्या सुमारास, ‘बालबोधमेवा’ या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती आला. त्यात बुद्धाविषयी एक छोटासा लेख होता. मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलली. राजवैभव सोडून दुःखाचे मूळ शोधायला निघालेला एक मनुष्य पूर्वी होऊन गेला आणि त्याला उत्तर सापडले, एवढीच गोष्ट त्यांच्या मनाला आधार देऊन गेली. मन विषण्ण झाले की ते बुद्धाचे स्मरण करीत. पुढे विधिपूर्वक शिकलेल्या बुद्धानुस्मृतीचा हा जणू अजाणता झालेला आरंभ होता.

१८९८ साली वडिलांचे निधन झाले. १८९९ साली कन्या माणिक हिचा जन्म झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. येथे वाचकाने क्षणभर थांबणे उचित होईल. चरित्रकार बहुधा घर सोडणाऱ्याच्या धैर्याचे वर्णन करतात आणि पुढे जातात. मागे राहिलेल्यांचा धीर मात्र कोणी मोजत नाही. तान्ह्या मुलीला घेऊन बाळाबाईंनी सुमारे सात वर्षे पतीची वाट पाहिली. तो कुठे आहे, परत येईल की नाही, याची खात्री नसताना पाहिलेली ती वाट होती. धर्मानंदांच्या साधनेची किंमत त्यांच्याइतकीच त्यांच्या पत्नीनेही मोजली, हे सांगितल्याशिवाय ही कथा प्रामाणिक होणार नाही.

काशी, नेपाळ, कोलंबो

घर सोडले तरी धर्मज्ञान लगेच पदरात पडेल अशी स्थिती नव्हती. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर संस्कृत हवे, म्हणून ते प्रथम पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानाची ओळख झाली. पण पुण्यात निर्वाह होईना, म्हणून मध्य हिंदुस्थानातून वाट काढीत ते काशीला पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून आणि मिळेल तेथे आसरा घेऊन त्यांनी व्याकरण व साहित्य यांचा अभ्यास केला. शिकण्यासाठी याचकाचे जिणे पत्करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९०२ साली ते नेपाळला गेले. बुद्धाचा धर्म तेथे जिवंत असेल अशी त्यांची समजूत होती. खडतर पायवाटेने काठमांडूला पोहोचल्यावर मात्र त्यांची घोर निराशा झाली. ज्या शुद्ध धर्माच्या शोधात ते आले होते तो त्यांना तेथे दिसला नाही. एखादा उतावीळ साधक येथूनच घरी परतला असता. धर्मानंद परतले ते बोधगयेला आणि तेथून कलकत्त्याच्या महाबोधी सभेत. बौद्ध ग्रंथ मुळातून शिकायचे तर सिंहलद्वीपाला जावे, असे तेथे कळल्यावर त्यांनी कोलंबोची वाट धरली.

कोलंबोचे विद्योदय परिवेण हे १८७३ साली स्थापन झालेले बौद्ध विद्यापीठ. परिवेण म्हणजे भिक्षूंनी एकत्र राहून शिकण्याचे ठिकाण. निवासी विद्यालयात वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना त्या जीवनाची कल्पना सहज येईल : ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेल्या वेळी जेवणे, वडीलधाऱ्यांपुढे नम्र राहणे, आणि आवड-निवड बाजूला ठेवून सर्वांबरोबर चालणे. परिवेणाचे प्रमुख सुमंगल महास्थविर हे त्या काळचे सर्वमान्य आचार्य होते. त्यांच्या हातून प्रव्रज्या घेऊन धर्मानंद श्रामणेर झाले आणि पाली भाषेचा त्यांचा खरा अभ्यास सुरू झाला. भाषा नवी, लिपी नवी, अन्न न मानवणारे, प्रकृती तोळामासा. तरीही घर सोडताना जी गोष्ट हवी होती ती आता प्रथमच हाताशी आली होती.

सगाईंगच्या डोंगरातील गुहा

सिंहलद्वीपातून मद्रासमार्गे धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. सिंहलात त्यांना ग्रंथ मिळाले होते. ब्रह्मदेशात त्यांना ध्यानाचा अभ्यास करायचा होता. उत्तर ब्रह्मदेशात, मंडालेपासून जवळ, इरावती नदीच्या काठी सगाईंगचे डोंगर आहेत. त्या डोंगरांतील गुहांत आणि कुटींत ध्यान करणाऱ्या भिक्षूंची जुनी परंपरा होती. ज्ञानतिलोक नावाचे एक जर्मन भिक्षू, जे पुढे पाली ग्रंथांचे भाषांतरकार म्हणून जगप्रसिद्ध झाले, ते या काळात धर्मानंदांचे सोबती होते. गोव्याच्या खेड्यातून आलेला एक आणि जर्मनीतून आलेला दुसरा, असे हे दोन तरुण भिक्षू ब्रह्मी आचार्यांच्या मार्गदर्शनाखाली एकाच डोंगरात ध्यानाला बसले.

ध्यानाची ही पद्धत कोणती, हे समजून घेतले तर धर्मानंदांच्या पुढील आयुष्याचा अर्थ उलगडतो. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपुरात आचार्य बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी चित्तशुद्धीचा मार्ग त्यात सांगितला आहे. या ग्रंथात साधकाला योगी किंवा योगावचर म्हटले आहे. बौद्ध परंपरेतील योगाभ्यासाचा तो जणू कोशच आहे. चित्त एकाग्र करण्याचे चाळीस विषय, म्हणजे कर्मस्थाने, त्यात आहेत. सर्वांना एकच औषध नाही. रागीट माणसाला एक कर्मस्थान, श्रद्धाळू माणसाला दुसरे, सतत विचारांच्या आवर्तात सापडणाऱ्याला तिसरे, अशी माणसाच्या प्रकृतीनुसार त्यांची वाटणी केली आहे. विखुरलेल्या, तर्कवितर्कांत अडकणाऱ्या मनासाठी आनापानस्मृती, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा अभ्यास, योग्य मानला आहे.

या अभ्यासातील धीराची शिकवण फार व्यवहारी आहे. मनाला तेथे रानटी गायीच्या दुधावर वाढलेल्या वासराची उपमा दिली आहे. गवळी त्या वासराला आईपासून वेगळे करून खुंट्याला बांधतो. ते धडपडते, हिसके देते, पळू पाहते. पण दोर तुटत नाही म्हटल्यावर शेवटी खुंट्याशीच बसते. श्वास हा खुंटा आणि स्मृती हा दोर. गवळी वासराला मारीत नाही, हे यात महत्त्वाचे. तो फक्त दोर सोडत नाही.

श्वास मोजण्याची रीतही अशीच घरगुती उदाहरणांनी समजावली आहे. आरंभी धान्य मापणारा माणूस जसा माप भरून, रिते करून, सावकाश एकेक आकडा उच्चारतो तसे मोजावे. श्वास स्पष्ट होऊ लागला की गोठ्यातून बाहेर पडणाऱ्या गायी जसा गुराखी भराभर मोजतो तसे मोजावे. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. पाचाच्या आत थांबले तर मन अरुंद कोंडवाड्यातील गुरांसारखे घुसमटते. दहाच्या पुढे गेले तर ते श्वास सोडून आकड्यांतच गुंतते. इतक्या बारीक सूचना वाचल्यावर ध्यान म्हणजे डोळे मिटताच लागणारी तंद्री हा समज गळून पडतो. ही एक कारागिरी आहे आणि कोणत्याही कारागिरीसारखी ती हात बसेपर्यंत करीत राहावी लागते.

सोनाराचा दृष्टान्तही येथे आठवतो. सोनार कधी भाता मारतो, कधी पाणी शिंपडतो, तर कधी नुसता पाहत राहतो. सतत भाताच मारला तर सोने जळेल, सतत पाणीच शिंपडले तर ते थंड होईल, आणि नुसते पाहत राहिले तर ते नीट शिजणार नाही. साधकानेही कधी नेट लावायचा, कधी चित्त शांत करायचे आणि कधी मध्ये न पडता तटस्थ राहायचे. धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. कोणत्या वेळी काय करावे आणि कोणत्या वेळी काहीच करू नये, हे ओळखणे म्हणजे धीर.

चीवर उतरवल्यानंतर

ब्रह्मदेशातून परतल्यावर धर्मानंदांनी काही काळ बुद्धाच्या पुण्यस्थळी वास्तव्य केले. गुहेतच आयुष्य काढले असते तर त्यांची गणना एक ध्यानी भिक्षू म्हणून झाली असती. पण ज्या धर्माने आपल्याला आधार दिला तो आपल्या देशबांधवांना ठाऊकच नाही, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०६ साली ते कलकत्त्यास आले, चीवर उतरवून पुन्हा गृहस्थ झाले आणि राष्ट्रीय महाविद्यालयात व पुढे कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. बाळाबाईंची प्रतीक्षा येथे संपली. १९०७ साली पुत्र दामोदर यांचा जन्म झाला. हेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून विख्यात झाले.

कलकत्त्याची नोकरी चांगली होती आणि विद्यापीठ अधिक वेतन देऊन त्यांना ठेवून घ्यायला तयार होते. पण महाराष्ट्रात राहून मराठीत बौद्ध धर्मावर लिहिता यावे, ही धर्मानंदांची इच्छा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले आणि धर्मानंदांनी मोठ्या वेतनावर पाणी सोडून ते ५० रुपये स्वीकारले. १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यानंतर त्यांची लेखणी थांबली नाही.

‘विसुद्धिमग्गा’त समाधीच्या आड येणारे दहा पलिबोध, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत : निवासस्थान, आश्रयदाती कुटुंबे, लाभ, शिष्यसमुदाय, बांधकामादी कामे, प्रवास, नातलग, आजारपण, ग्रंथाध्ययन आणि सिद्धी. यांतील शेवटचा सोडला तर बाकीचे जवळजवळ सगळे धर्मानंदांच्या गृहस्थजीवनात हजर होते. पत्नी व मुले, विद्यार्थी, न संपणारे प्रवास, कायमची नाजूक प्रकृती आणि सर्वांत मोठा पलिबोध म्हणजे ग्रंथ! डोंगरातील शांतता सोडून त्यांनी हे अडथळे जाणूनबुजून ओढवून घेतले. गुहेत मिळवलेला धीर माणसांच्या गर्दीत टिकतो की नाही, ही परीक्षा यापुढे होती.

चाळीस वर्षांचा एक ग्रंथ

ही परीक्षा ज्या ग्रंथाने ध्यानाचा मार्ग दाखवला त्याच ग्रंथाने घेतली. अमेरिकेतील हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने ‘विसुद्धिमग्गा’ची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे काम हाती घेतले होते. लहानपणी पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीने ते आयुष्यभर पीडित होते. १८९९ च्या प्रारंभी त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सांखवाळचा एक तरुण घर सोडून निघाला होता. अकरा वर्षांनी, १९१० साली, हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्या निमंत्रणावरून तोच तरुण वॉरन यांचे अपुरे काम पुढे नेण्यासाठी अमेरिकेला गेला.

तेथे ग्रंथमालेचे संपादक प्राध्यापक चार्ल्स लॅनमन होते. ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे, श्रेय कोणाला किती द्यावे, यावरून धर्मानंदांचा त्यांच्याशी तीव्र मतभेद झाला. १९१२ साली काम अर्धवट सोडून धर्मानंद परतले. येथे त्यांच्या शांत वृत्तीचा पराभव झाला, असे कोणी म्हणेल. परंतु क्षांती म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. आपल्या श्रमाचे मोल कमी लेखले जात असताना त्यांनी स्पष्ट नकार दिला. त्या नकाराला त्यांनी वैराचे रूप मात्र येऊ दिले नाही, आणि हातातले काम कायमचे टाकूनही दिले नाही. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेला गेले. त्यानंतर १९२६ आणि १९३१ साली आणखी दोन वेळा गेले. ब्रह्मी, सिंहली आणि इतर लिप्यांतील पाठ ताडून पाहणे, अक्षर न् अक्षर तपासणे, हे काम ते पुन्हा पुन्हा हाती घेत राहिले.

‘विसुद्धिमग्गा’त मैत्रीभावनेचा क्रम सांगितला आहे. आधी द्वेषातील धोका आणि क्षमेतील लाभ मनाशी नीट विचारात घ्यावा. मग मैत्रीचा आरंभ स्वतःपासून करावा. नंतर आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग परकी व्यक्ती आणि शेवटी वैरी. वैऱ्यापाशी पोहोचल्यावर राग उफाळला तर हताश न होता मागे यावे, प्रिय व्यक्तीपासून पुन्हा सुरुवात करावी, त्या वैऱ्याचा एखादा तरी गुण आठवावा. काहीच जमले नाही तर त्याला काहीतरी द्यावे. जो मनुष्य या पानांतील प्रत्येक अक्षर वर्षानुवर्षे तपासत होता, त्याला स्वतःच्या रागाचीही तितकीच बारकाईने तपासणी करावी लागली असणार.

धर्मानंदांनी सिद्ध केलेली ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० साली बाहेर पडली. हाती घेतल्यापासून तिला चाळीस वर्षे लागली आणि ती पाहायला धर्मानंद हयात नव्हते. फळ पाहायला मिळेल की नाही याचा विचार न करता झाड लावणाऱ्याचा धीर तो हाच.

वर्गातून वस्तीत

अमेरिकेच्या दोन वाऱ्यांच्या मध्ये, १९१२ ते १९१८ या काळात, धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे पुढे नामवंत झालेले पाली पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२२ नंतर ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. १९२५ साली त्यांचे ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाली न येणाऱ्या साध्या वाचकाला कर्मस्थानांची ओळख मराठीतून व्हावी, हा त्याचा हेतू. सगाईंगच्या डोंगरात जे शिकले ते गुप्त विद्या म्हणून राखून न ठेवता त्यांनी सर्वांसमोर उघडे केले. त्यांच्या लेखनात चमत्कारांना स्थान नाही, गूढ शब्दांचे अवडंबर नाही. मन कसे काम करते आणि त्याला कसे वळण लावावे, एवढेच ते शांतपणे सांगतात.

अशी शांत वृत्ती माणसाला जगापासून दूर नेते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. धर्मानंदांचे जीवन हा त्याला दिलेला प्रतिवाद आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९३७ साली मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगार आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार सुरू केला. हार्वर्डच्या ग्रंथालयात बसलेला हा पंडित गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात बुद्धाची शिकवण सांगत बसला. श्वासावरील ध्यानाला कोलाहल हा काटा मानला आहे. पण मनाला एकदा वळण लागले की मनुष्य कोलाहलातही काम करू शकतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी बुद्धाच्या गृहत्यागाची रूढ कथा बाजूला ठेवली. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस अचानक दिसल्याने नव्हे, तर शस्त्रे उचलून परस्परांवर धावणाऱ्या माणसांचे भय आणि शाक्य-कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह यांमुळे सिद्धार्थाने घर सोडले असावे, असे मत त्यांनी मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाची कथा या कलहाभोवतीच उभी आहे. १९५६ साली नागपूरला लाखो बांधवांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा मराठीतून बुद्ध समजावून घेण्याची वाट काही अंशी तरी तयार झालेली होती. ती तयार करणाऱ्यांत धर्मानंदांचा वाटा मोठा आहे.

अखेरचे दिवस

उतारवयात मधुमेहादी विकारांनी धर्मानंदांचे शरीर पार थकले. आता आपल्या हातून समाजाचे काम होणार नाही, या विचाराने १९४६ साली त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. महात्मा गांधींनी त्यांना त्यापासून परावृत्त केले आणि त्यांनी गांधीजींचा शब्द मानला. पुढील वर्षी ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले. तेथे ४ जून १९४७ रोजी, अन्नत्यागाच्या अवस्थेतच, त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्याच दिवशी गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांना आदरांजली वाहिली आणि पुढे त्यांच्या स्मरणार्थ पालीच्या अभ्यासासाठी विद्यार्थी सिंहलद्वीपाला पाठवण्याची योजना पुरस्कारली.

या अंताविषयी मतभेद आहेत आणि ते असणारच. बुद्धाने स्वतः देहदंडाचा मार्ग अनुभव घेऊन टाकून दिला आणि सुजातेची खीर स्वीकारून मध्यम मार्ग धरला, हे आपण विसरू शकत नाही. आजारी आणि वृद्ध माणसाचे मोल तो काम करू शकतो की नाही यावर ठरत नाही; त्याची सेवा करणे हा तर बुद्धाने घालून दिलेला धडा आहे. म्हणून धर्मानंदांच्या शेवटच्या महिन्याकडे अनुकरणाचा आदर्श म्हणून पाहू नये. आदर्श आहे तो त्याआधीच्या ४८ वर्षांचा.

आपल्यासाठी

आज ध्यानाचे वर्ग गावोगावी भरतात, विपश्यनेची शिबिरे होतात, शाळांतून मुले सकाळी पाच मिनिटे डोळे मिटून बसतात. ही समाधानाची गोष्ट आहे. पण दोन-चार दिवसांत मन शांत झाले नाही म्हणून आसन गुंडाळून ठेवणारेही आपण पाहतो. मुलाचे चित्त अभ्यासात लागत नाही म्हणून पालक चिडतात. चिडल्याने ते अधिकच उडते. अशा वेळी वासराचा दोर धरून उभा असलेला गवळी आठवावा. तो ओरडत नाही, मारत नाही आणि दोरही सोडत नाही. मुलाला वाढवणे आणि स्वतःच्या मनाला वळण लावणे, या दोन्ही कामांना हीच एक रीत लागू पडते.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज नोकरीच्या शोधात आहेत, कितीजण स्पर्धा परीक्षांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात आहेत, कितीजण घरची जबाबदारी पेलता पेलता शिक्षण पुरे करीत आहेत. त्यांनी धर्मानंदांकडे पाहावे. अपुरे शालेय शिक्षण, नाजूक प्रकृती, खिशात पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही, आणि मनात दाटलेली निराशा, एवढ्या भांडवलावर ते निघाले होते. काशीत अन्नछत्र मिळाले, नेपाळात निराशा मिळाली, कोलंबोत विद्या मिळाली, सगाईंगला ध्यान मिळाले, अमेरिकेत मानही मिळाला आणि अवमानही. यांपैकी कशानेही त्यांची वाट थांबली नाही. मैत्रीभावनेत वैऱ्यापाशी अडखळलेला साधक जसा पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो, तसे ते प्रत्येक अडथळ्यापाशी पुन्हा सुरुवात करीत राहिले.

क्षांतीला दहा पारमितांत स्थान आहे. पारमिता म्हणजे पूर्णत्वाला नेलेला गुण. तो एका बैठकीत पूर्णत्वाला जात नाही. बोधिसत्त्वालाही त्यासाठी अनेक जन्म लागले, असे जातककथा सांगतात. आपल्या वाट्याला हा एकच जन्म आला आहे असे धरून चालले, तरी त्यातील आजचा श्वास आपल्या हाती आहे. धान्य मापणाऱ्याच्या सावकाशीने तो मोजायला सुरुवात करावी. मन पळाले तर न रागावता त्याला परत आणावे आणि पुन्हा एकपासून मोजावे.